ग्राफमधला दुसरा माणूस

मेकॅनिकल ऑपरेशन्सच्या लॅबमध्ये आपण चाळण्या हलवतो, प्रत्येक चाळणीवर उरलेली भुकटी तोलतो आणि शेवटी तो रोझिन-रामलर ग्राफ काढतो. खरं सांगते, मला कित्येक दिवस हे एकाच माणसाचं आडनाव वाटायचं. व्हायव्हाच्या भीतीने लायब्ररीत शोधलं तेव्हा कळलं, माणसं दोन. त्यातले दुसरे एरिख रामलर.

जन्म १९०१, जर्मनीतल्या सॅक्सनीत. पॉल रोझिन यांच्याबरोबर त्यांनी दळलेल्या कोळशाच्या कणांचा अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो नियम प्रसिद्ध झाला. रोझिन ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना इंग्लंड गाठावं लागलं. जोडी फुटली, ग्राफवर तेवढी राहिली.

युद्धानंतर देशाचे दोन तुकडे झाले. रूरचा कोकिंग कोळसा पश्चिमेकडे गेला, पूर्वेकडे उरला मुख्यतः लिग्नाइट. तो भरपूर, पण निम्मं पाणीच! कोकिंग कोळसा तापला की मऊ होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि कडक कोक बनतो. लिग्नाइट चिकटतच नाही, तडकून त्याचा चुरा होतो. चुरा भट्टीत भरला तर हवा वर जाणार कुठून? आणि कोक नाही तर लोखंड नाही.

१९४९ मध्ये रामलर फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत प्रोफेसर झाले. गेओर्ग बिल्केनरोथ यांच्यासोबत त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. नाहीतरी चुराच होणार ना, मग आपणच आधी करू! लिग्नाइट वाळवून एक मिलिमीटरच्या आत बारीक करायचा, बाइंडर न घालता प्रचंड दाबाने त्याच्या ब्रिकेट पाडायच्या आणि उभ्या भट्टीत अगदी सावकाश सुमारे १००० डिग्रीपर्यंत तापवायच्या. कण बारीक, तापवणं सावकाश, म्हणून ब्रिकेट सगळीकडून सारखी आकसते, फुटत नाही. म्हणजे आपल्या चाळण्यांचंच गणित की हे! १९५२ मध्ये लाउखहामर इथे असा कोक निघू लागला.

तो रूरच्या तोडीचा नव्हताच. उंच ब्लास्ट फर्नेसमध्ये वरच्या मालाच्या वजनाने चुरडला असता, म्हणून काल्बे गावी मुद्दाम बुटक्या भट्ट्या बांधल्या होत्या. लाउखहामरच्या लोकांनी मात्र वर्षानुवर्षं काजळी आणि वास सोसला. हे पुस्तकात एका ओळीत उरकतात.

रामलर १९८६ मध्ये फ्रायबर्गला वारले. कारखाना १९९१ मध्ये बंद झाला, मग पाडला गेला. फिनॉलचं सांडपाणी बॅक्टेरियांकडून स्वच्छ करून घेणारे २४ मनोरे, २२ मीटर उंचीचे, तेवढे स्मारक म्हणून ठेवले आहेत.