नारायण मेघाजी लोखंडे आणि पाचवी मागणी

9 फेब्रुवारी हा रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा स्मृतिदिन. दरवर्षी त्या दिवशी मोबाईलवर एकच मजकूर फिरतो, की रविवारची सुट्टी आपल्याला लोखंडेंमुळे मिळाली. हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण 1884 साली त्यांनी सरकारपुढे ठेवलेल्या निवेदनात रविवार ही पहिली मागणी होती. त्यातली पाचवी मागणी कामावर जखमी होणाऱ्या कामगाराबद्दल होती आणि तिचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथे आज हीच मागणी सर्वात जिवंत आहे.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात, एका गरीब माळी कुटुंबात झाला. शाळा संपल्यावर रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईतल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर साच्यावर उभा राहत नाही, पण त्याचा दिवस गिरणीतच जातो. कामगार किती वाजता आत येतात, पगार किती महिने थकतो, कोणाचा हात पट्ट्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी कोण आले, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडत असते. पुढे त्यांनी ही नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ चळवळीला दिला.

चळवळ म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा सत्यशोधक समाज. कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेले दीनबंधू हे पत्र बंद पडले होते. लोखंडेंनी 1880 मध्ये ते मुंबईत पुन्हा सुरू केले आणि मरेपर्यंत चालवले. शेतकऱ्याचे दुःख मांडणाऱ्या सत्यशोधक विचाराला गिरणीच्या दारापर्यंत नेण्याचे काम या पत्राने केले. दख्खन आणि कोकणातून पोट भरायला आलेला शेतकरीच मुंबईत गिरणी कामगार झाला होता, हे लोखंडेंनी ओळखले होते.

त्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नव्हती, दुपारी जेवायला ठरलेली वेळ नव्हती. डोक्यावर फिरणारे दांडे आणि त्यांवरून खाली साच्यांपर्यंत येणारे चामडी पट्टे यांच्यामध्ये माणसे बारा-बारा तास उभी असत. दमलेल्या माणसाचा हात चुकतो, आणि अपघाताचे मोठे कारण तेच असते. 1881 मध्ये देशातला पहिला फॅक्टरी कायदा आला. यंत्रांना कठडे घाला आणि अपघात झाला तर सरकारला कळवा, एवढे त्यात होते. कळवल्यानंतर त्या माणसाच्या घरी चूल कशी पेटणार, याबद्दल कायदा गप्प होता. 1855 चा प्राणघातक अपघातांचा एक कायदा होता, पण तो मेलेल्याच्या वारसांसाठी, आणि त्यातही दुसऱ्याची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. गिरणी कामगाराची विधवा गिरणीमालकावर दावा लावणार कशी? आणि जो मेला नाही, नुसता थोटा झाला, तो गाठोडे उचलून गावाला जाई.

1884 मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले. त्याच सप्टेंबर महिन्यात लोखंडेंनी परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कमिशनला दिले. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची वेळ आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, या पहिल्या चार मागण्या. पाचवी अशी, की काम करताना गंभीर दुखापत होऊन कामगार अंथरुणाला खिळला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य सोय करावी.

पूर्ण पगार, आणि चूक कोणाची हा प्रश्नच नाही. त्या काळात ही केवढी पुढची गोष्ट होती, ते लक्षात घ्या. जर्मनीने कामगारांचा अपघात विमा कायद्यात आणला तो याच 1884 साली. आपल्यावर राज्य करणाऱ्या ब्रिटनने स्वतःच्या कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदा केला 1897 मध्ये. परळच्या सभेतले कामगार त्याच्या तेरा वर्षे पुढे होते.

लोखंडेंची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही खरी कामगार संघटना नव्हतीच, असा आक्षेप अभ्यासक घेतात. वर्गणी नाही, सभासदांची नोंद नाही, लेखी नियम नाहीत, हे त्यांचे म्हणणे चूक नाही. आम्हाला मात्र तो आक्षेप पुस्तकी वाटतो. साडेपाच हजार माणसांनी नोकरी जाण्याची भीती बाजूला ठेवून कागदावर आपली निशाणी केली, हे वर्गणीच्या पावतीपेक्षा कमी नाही.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारही व्यासपीठावरून बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. पगाराच्या तारखेची मागणी कायद्यात यायला 1936 उजाडले. जखमी कामगाराची मागणी 1891 मध्ये कोणी हातात घेतलीच नाही. सुट्टी दिली तर मालकाचा एक दिवस जातो, जबाबदारी घेतली तर त्याला आपल्या यंत्राचा हिशेब द्यावा लागतो. म्हणूनच ही मागणी मागे पडली, असे आम्हाला वाटते.

लोखंडे थांबले नाहीत. विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या नाभिकांनी संप केला, त्यामागे ते होते. 1893 च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत त्यांनी शांततेसाठी काम केले आणि पुढे रावबहादूर हा किताब त्यांना मिळाला. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते आजाऱ्यांच्या सेवेत उतरले, त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी ते गेले. तेव्हा त्यांचे वय पन्नासच्या आतच होते.

कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 मध्ये झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला, म्हणजे निवेदनानंतर चाळीस वर्षांनी. मालकाची चूक सिद्ध करण्याची अट त्याने काढून टाकली. 1942 मध्ये बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या खात्याच्या काळात प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार केला आणि त्यातूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, कायदा आला. फुले, लोखंडे, बाबासाहेब ही साखळी आपण भाषणात नेहमी जोडतो. ती जखमी हाताच्या प्रश्नावर जोडली, तर जास्त पक्की दिसते.

आणि आज? ईएसआयचे कार्ड असलेल्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात. कार्ड नसलेल्याला 1923 च्या कायद्याने दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे 25 टक्के, म्हणजे महिन्याला अर्धा पगार मिळत असे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे प्रमाण तेच आहे. लोखंडेंनी मागितला होता पूर्ण पगार. 1884 चे निवेदन अजून कायद्याच्या पुढेच आहे.

आमच्या अनुभवात जखमी कामगाराचे नाव बहुतेक वेळा हजेरीपुस्तकातच नसते. मालक त्याला खासगी दवाखान्यात नेतो, पट्टी बांधून घेतो, हातावर काही हजार ठेवतो आणि कागदावर सही घेतो. बांधकाम, कचरा, गटार, गोदाम या कामांत आपल्या समाजाची माणसे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला 30 लाख आणि कायमचे अपंगत्व आलेल्याला किमान 20 लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. तेही मागावे लागते.

म्हणून थोडे कामाचे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडेच असतो. हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली असली, तरी कायद्यापुढे तो कागद निरर्थक आहे. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही, तर त्यावर 12 टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो. अपघात झाल्यावर मालकाला लेखी कळवून त्याची प्रत जवळ ठेवा. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो.