मालवणचे डॉ. घुर्ये : विद्यार्थ्याला त्याच्याच गावचा विषय देणारे प्राध्यापक

मालवण : अकरावी-बारावीला समाजशास्त्र घेणाऱ्या पोरांना जी. एस. घुर्ये हे नाव पुस्तकात भेटतं. परीक्षेपुरतं पाठ होतं नि मग विसरलं जातं. हे गोविंद सदाशिव घुर्ये आपल्या मालवणातच १२ डिसेंबर १८९३ रोजी जन्मले, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. पुस्तकं त्यांनी तीसच्या आसपास लिहिली. तरी त्यांची मोठी कमाई म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी. पन्नासच्या वर जणांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली.

घुर्ये मूळचे संस्कृतचे. शाळा मुंबईत आणि जुनागडला झाली, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१८ साली एम.ए.ला सुवर्णपदक मिळवलं. संस्कृतचा मास्तर म्हणून आयुष्य सरळ गेलं असतं. पण १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि त्यावर पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ नेमले गेले. शहररचनेत त्यांचं नाव मोठं होतं. विलायतेला शिकायला पाठवायला त्यांना एक माणूस हवा होता. घुर्यांनी मुंबई शहरावर निबंध लिहून दिला, तो गेडिसना पसंत पडला. संस्कृतच्या पदवीधराला समाजशास्त्र शिकायला बोटीवर चढवायचं, हा निर्णय त्या काळात धाडसाचाच म्हणायचा.

लंडनला हॉबहाउस यांच्याकडे काही घुर्यांचं मन रमलं नाही. ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स म्हणजे निलगिरीच्या तोडा लोकांत जाऊन त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारे अभ्यासक. इथे घुर्यांना गुरू सापडला असं म्हणायला हरकत नाही. पण १९२२ साली रिव्हर्स अचानक वारले. प्रबंध अर्धवट आणि गुरू गेलेला, अशी ती वेळ. हॅडन यांनी त्यांना पुढे नेलं आणि १९२३ साली घुर्ये डॉक्टर होऊन परतले.

१९२४ पासून मुंबईच्या विभागाचा गाडा त्यांनी ओढला, तो १९५९ पर्यंत. शिकवणारे अगदी मोजके होते. त्या काळी समाजशास्त्राचं एम.ए. प्रबंध लिहूनही करता येई, म्हणजे वर्गापेक्षा गुरू आणि विद्यार्थी यांची समोरासमोर बैठक महत्त्वाची. ज्या मुलखातला, ज्या समाजातला विद्यार्थी, त्याला बहुतेक वेळा तिथलाच विषय घ्यायला लावायचा, ही घुर्यांची पद्धत. भाषा ठाऊक असते, दारं उघडतात, आणि आजवर रोज पाहिलेलं परक्याच्या नजरेनं पाहावं लागतं.

पुण्याहून आलेल्या इरावती कर्वे यांनी चित्पावनांवर प्रबंध केला. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या त्याच इरावतीबाई. एम. एन. श्रीनिवास म्हैसूरचे. त्यांनी म्हैसूरकडच्या लग्न आणि कुटुंबपद्धतीवर लिहिलं, ते १९४२ साली पुस्तक होऊन आलं. मग घुर्यांनी त्यांना कूर्गला लावलं.

आता गुरू-शिष्य म्हटलं की गोड गोडच लिहायची आपल्याकडे रीत आहे. इथे ते खरं ठरणार नाही. श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला गेले आणि कूर्गचं तेच साहित्य त्यांनी तिथल्या गुरूंच्या नव्या सिद्धांतानं पुन्हा मांडलं. ते पुस्तक १९५२ साली आलं आणि जगभर गाजलं. घुर्ये जुन्या ग्रंथांतून समाज वाचत, श्रीनिवास गावात बसून. शिष्यानं गुरूची पद्धत मोकळेपणानं बाजूला ठेवली, आणि दोघांतलं अंतर वाढलं ते वाढलंच.

दुसरं उदाहरण ए. आर. देसाई यांचं. देसाई पक्के मार्क्सवादी, घुर्ये परंपरेकडे झुकणारे. तरी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा देसाईंचा मार्क्सवादी मांडणीचा प्रबंध १९४६ साली घुर्यांच्याच हाताखाली पुरा झाला. स्वतःला न पटणारी मांडणी गाईडनं पुढे जाऊ देणं सोपं नसतं. आज गाईड मिळावा म्हणून विद्यापीठाला हेलपाटे घालणाऱ्या मुलांना हे जास्त कळेल. घुर्यांनी देसाईंना पुढे विभागातही घेतलं, आणि कालांतरानं तेच त्या विभागाचे प्रमुख झाले.

घुर्यांची सगळीच मतं टिकली असं नाही. आदिवासी म्हणजे मागे पडलेले हिंदूच, हे त्यांनी १९४३ च्या पुस्तकात मांडलं. व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यांचा वाद झाला आणि त्या मतावर आजही कडक टीका होते. जातीवरचं १९३२ चं पुस्तक मात्र अजून वाचलं जातं.

खेड्याचं काम ते स्वतःही करत. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची माहिती एका इंग्रज डॉक्टरनं पेशवाई बुडाल्यावर लगेच लिहून ठेवली होती. सव्वाशे वर्षांनी त्या गावाचं काय झालं, हे घुर्यांनी पाहिलं आणि १९६० साली त्यावर पुस्तक काढलं.

१९५१ साली भारतीय समाजशास्त्र परिषद उभी राहिली, त्यात पुढाकार त्यांचा. १९५९ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी श्रीनिवास यांनी दिल्लीत समाजशास्त्राचा नवा विभाग सुरू केला. विद्यापीठानं घुर्यांना सन्मान्य प्राध्यापक केलं आणि प्रबंधाचे विद्यार्थी त्यानंतरही त्यांच्याकडे येतच राहिले. २८ डिसेंबर १९८३ रोजी, वयाची नव्वदी गाठून, ते गेले.