डाव्या हाताने पूर्ण केलेला ग्रंथ

नाशिकच्या मुंबई नाका परिसरात २०२४ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांचे भव्य अर्धपुतळे उभे राहिले. त्यांच्या शाळांची कथा सर्वपरिचित आहे. जोतीरावांच्या अखेरच्या आजारपणाची मात्र फारशी आठवण काढली जात नाही.

११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेल्या जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन केला. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण करण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले.

आयुष्यभराचे विचार एकत्र मांडणारा ग्रंथ तेव्हा लिहून व्हायचा होता आणि नेमका लिहिता हातच गेला. स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पण त्या काळी वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. जोतीरावांनी साठी उलटल्यावर डाव्या हाताने लेखन सुरू केले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले.

उजव्या अंगाच्या हालचालींची सूत्रे मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे असतात. पक्षाघातानंतर उरलेल्या पेशी सरावाने नवे मार्ग जोडू शकतात, हे विज्ञानाला पुढे उमगले. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी कवटी न उघडता, डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातील चुंबकीय स्पंदांनी मेंदू उद्दीपित करून दाखविला. दुखावलेल्या अर्धगोलाला चेतवावे किंवा दुसऱ्याचा अतिरिक्त दाब कमी करावा आणि जोडीला व्यायाम द्यावा, असा हा उपचार आहे. त्याचा लाभ सर्वांना सारखा होत नाही. नियमित व्यायामाला तो पर्यायही नाही.

जोतीरावांना यातले काहीच उपलब्ध नव्हते. गेलेला हात परत मिळण्याची वाट पाहण्याइतका अवधीही नव्हता. म्हणून त्यांनी उरलेल्या हाताला कामाला लावले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तो अपुरा मात्र राहिला नाही.