डार्विनचा प्रश्न आणि गाईचे पोट

ताथवड्याचे नाव तेथील सरकारी गोपैदास केंद्रामुळे पूर्वीपासून परिचित आहे. गाय गवतावर जगते, असे आपण म्हणतो. वस्तुतः गवतातील सेल्युलोज पचविणारा रस तिच्या अंगी नाहीच; ते काम तिच्या पोटातील असंख्य सूक्ष्मजीव करतात. हे सहजीवन कसे जुळले, हा प्रश्न विचारण्याची दृष्टी चार्ल्स डार्विनने दिली.

१८०९ मध्ये श्रूजबरी येथे एका डॉक्टरच्या घरी तो जन्मला. वैद्यकाचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले. पुढे केंब्रिजला तो धर्मोपदेशक होण्यासाठी गेला. परंतु रमला भुंगेरे गोळा करण्यात. १८३१ च्या अखेरीस 'बीगल' जहाजावरून तो जगप्रवासास निघाला, तेव्हा त्याचे वय अवघे २२ होते.

जानेवारी १८३६ मध्ये तो ऑस्ट्रेलियात पोहोचला. तेथील पिशवीधारी प्राण्यांची घडण जगावेगळी. जगण्याच्या रीती मात्र इतरत्र आढळतात तशाच. सृष्टीचे निर्माते दोन असावेत की काय, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. उत्तरासाठी त्याने घाई केली नाही. आजारपण सोसत, १८५१ मध्ये दहा वर्षांच्या लाडक्या मुलीचा मृत्यू पचवीत, तो पुरावे जमवीत राहिला. १८५९ मध्ये त्याचा उत्क्रांतीवरील ग्रंथ निघाला. अखेरचे पुस्तक १८८१ मध्ये आले, तेही क्षुद्र मानल्या जाणाऱ्या गांडुळांवर! १८८२ मध्ये त्याचे निधन झाले.

त्याचा ऑस्ट्रेलियातील प्रश्न आज कांगारूच्या पोटापर्यंत पोहोचला आहे. गाय आणि कांगारू यांचे पूर्वज दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही दोघांच्या पोटात गवत आंबविणारा कप्पा स्वतंत्रपणे घडला आणि दोन्हीकडे सूक्ष्मजीवच स्वयंपाकी झाले. कांगारूच्या जठरातील काही रोमयुक्त आदिजीव अन्य प्राण्यांत आढळत नाहीत. जनुकांच्या तुलनेत ते एकमेकांचे निकटचे सगे ठरतात, तर गाईच्या पोटातील आदिजीव त्यांचे दूरचे भाऊबंद. यजमानांप्रमाणे आश्रितांनाही वंशावळ असते, ती अशी.

हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. गाईच्या पोटात तयार होणारा मिथेन वायू हवामान तापवितो आणि चाऱ्यातील शक्तीही वाया घालवितो. कांगारूच्या पोटात तो फारच थोडा तयार होतो. हा भेद का पडला, याचा शोध उत्क्रांतीचा धागा धरूनच घ्यावा लागतो. अशा वेळी २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळावा, हे खेदजनक आहे. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या विद्यार्थ्याला हा विचार पुन्हा भेटेलच असे नाही. पुस्तकात नसलेला धडा गोठ्यातील गाय दाखवूनही शिकविता येतो. तेवढे आपल्या शिक्षकांनी अवश्य करावे.