ज्ञान वाटणारा शास्त्रज्ञ

मुलांनो, बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरू लागतो. ही वीज ज्यांच्या शोधामुळे घरोघरी पोचू शकली, त्या मायकेल फॅरडे यांची ओळख आज आपण करून घेऊ.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहारकाम करत. घरी गरिबी होती. त्यामुळे मायकेलला लिहिणे, वाचणे आणि थोडेफार हिशेब एवढेच शिकता आले. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकू लागला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो आवडीने वाची. जेन मार्सेट या लेखिकेने सोप्या भाषेत लिहिलेल्या पुस्तकामुळे त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला व्याख्यानांची तिकिटे दिली. रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत थोर शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही बोलणार होते. मायकेलने व्याख्याने मन लावून ऐकली. टिपणे काढली, आकृत्या काढल्या, त्यांचे सुबक पुस्तक बांधले आणि ते डेव्हींना पाठवले. पुढच्याच वर्षी त्याला त्या संस्थेत मदतनीसाची नोकरी मिळाली.

१८३१ साली फॅरडे यांनी मोठा शोध लावला. तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर हलवला की तारेतून वीज वाहते. चुंबक स्थिर ठेवला की ती थांबते. वीजनिर्मिती केंद्रांतील मोठमोठी जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

पण फॅरडे प्रयोगशाळेतच रमले नाहीत. आपल्याला मिळालेले ज्ञान सर्वांना समजले पाहिजे, असे त्यांना वाटे. चांगले बोलता यावे म्हणून त्यांनी शिक्षकाकडे धडे घेतले. बोलण्याचा वेग वाढला, तर हळू बोलण्याची आठवण देणारे कार्ड ते समोर ठेवायला सांगत. शुक्रवारी संध्याकाळी होणारी विज्ञानाची व्याख्याने त्यांनीच सुरू केली. नाताळात मुलांसाठी होणारी व्याख्यानमाला त्यांनी १८२७ ते १८६० या काळात १९ वेळा गुंफली.

एकदा तर त्यांनी साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली! ज्योतीवर थंड भांडे धरले की त्यावर पाण्याचे थेंब जमतात, हे त्यांनी मुलांना दाखवले. मेणबत्तीचे जळणे आणि आपला श्वासोच्छ्वास यांतील साम्यही समजावून दिले. या व्याख्यानांचे पुस्तक १८६१ साली निघाले. ते जगभर वाचले गेले.

रॉयल सोसायटी या मोठ्या संस्थेचे अध्यक्षपद देऊ केले असता फॅरडे यांनी ते नम्रपणे नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. मुलांची ती व्याख्यानमाला मात्र आजही चालू आहे.

मुलांनो, एका गरीब मुलाला कोणीतरी तिकीट दिले, म्हणून जगाला एक शास्त्रज्ञ मिळाला. फॅरडे ते उपकार विसरले नाहीत. त्यांनी ज्ञानाचे दार इतर हजारोंसाठी उघडले. तुम्हीही आज जे शिकाल, ते धाकट्या भावंडांना समजावून सांगा. ज्ञान दिल्याने कमी होत नाही, उलट वाढते.