विष्णुदास भावे

मुलांनो, तुम्ही कठपुतळीचा खेळ पाहिला असेल. मराठीत तिला कळसूत्री बाहुली म्हणतात. सांगलीचे विष्णुदास भावे अशा लाकडी बाहुल्या स्वतः बनवत. सांगलीच्या राजांच्या सांगण्यावरून त्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. म्हणून त्यांना मराठी रंगभूमीचे जनक मानतात.

१८५१ मध्ये राजे वारले आणि दरबारची मदत थांबली. पण भावे खचले नाहीत. नाटक मंडळी घेऊन ते गावोगाव फिरले. मुंबईत त्यांनी हिंदी नाटकही केले. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बाहुल्या अनेक वर्षे पडून होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. बघा, मन लावून केलेले काम माणसाच्या मागेही टिकते!