सोंग, ढोंग आणि आचार्य अत्रे

सोंग आणि ढोंग हे दोन शब्द मराठीत यमकाने जुळले असले, तरी अर्थाने ते एकमेकांचे वैरी आहेत. सोंग घेणाऱ्याने सोंग घेतले आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. किंबहुना ते ठाऊक असते म्हणूनच त्याला गंमत वाटते. ढोंग मात्र पाहणाऱ्याच्या अज्ञानावर जगते. बहुरूपी पोलिसाचा वेश करून दारात उभा राहतो, दटावतो, आणि घरधनी हसून त्याच्या झोळीत दोन पैसे टाकतो. तोच वेश करून एखादा भामटा आला, तर घरातली चीजवस्तू जाते. पैठणच्या एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भारुडांतून जोशी, गोंधळी, वासुदेव अशी नाना सोंगे उभी केली, ती भोळ्याभाबड्यांना शहाणे करण्यासाठी. सोंगाच्या साहाय्याने ढोंग उघडे पाडावयाचे, ही रीत गोदाकाठी अशी फार जुनी आहे. विसाव्या शतकात तिचा सर्वांत मोठा वारसदार निपजला तो कऱ्हेच्या काठी. त्याचे नाव प्रल्हाद केशव अत्रे.

अत्र्यांचा जन्म 13 ऑगस्ट 1898 रोजी सासवडजवळच्या कोडीत खुर्द या गावी झाला. सासवडहून पुण्यास येऊन त्यांनी शिक्षण घेतले आणि पदवी मिळताच शिक्षकी पत्करली. साहित्यात त्यांनी गुरू मानले ते राम गणेश गडकरी यांना. 1919 च्या आरंभी गडकरी अकाली गेले. परंतु शिष्याच्या लेखणीत त्यांचा अतिशयोक्तीचा आणि कोटिक्रमाचा वारसा अखेरपर्यंत टिकला. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेची धुरा अत्र्यांनी तरुण वयातच खांद्यावर घेतली आणि गरीब वस्तीतील त्या शाळेला नावारूपास आणले. पुढे ते नाटककार झाले, पटकथाकार झाले, संपादक झाले, आमदार झाले. पण मूळ पिंड मास्तराचा. वर्गातला खोडकर मुलगा आणि त्याचा कान धरणारा मास्तर, असे दोघेही त्यांच्यात एकत्र नांदत होते.

या मास्तराने पहिले सोंग घेतले ते नावाचे. ‘केशवकुमार’ या टोपणनावाने त्यांनी विडंबनकाव्ये लिहिली आणि 1925 मध्ये ‘झेंडूची फुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. विडंबन हे एक सोंगच असते. दुसऱ्या कवीचा आवाज, त्याची वृत्ते, त्याच्या लाडक्या उपमा आणि त्याचे उसासे अंगावर घेऊन विडंबनकार उभा राहतो, आणि मग वाचकाला एकदम कळते की, मूळ आवाजातही काही भाग नुसत्या लकबीचा होता. रविकिरण मंडळाच्या काळात कवितेला आलेली कृत्रिम हळवेपणाची साय केशवकुमारांनी अशी चमच्याने बाजूला काढली. ज्यांची थट्टा झाली, त्यांच्यातील चांगले ते टिकले. केवळ आव होता, तो हसण्यावारी गेला.

1927-28 या काळात अत्रे शिक्षणशास्त्राच्या पदविकेसाठी लंडनला होते. ज्या इंग्लंडात ते गेले, तेथे तोतयेगिरी आणि प्रेमप्रकरण यांच्या सरमिसळीतून विनोद निर्माण करण्याची कला ऐन भरात होती. पी. जी. वुडहाउस यांची ‘लीव्ह इट टु स्मिथ’ ही कादंबरी 1923 मध्ये निघालेली होती. त्यांच्या ब्लँडिंग्ज कॅसल या उमरावी गढीत दर कादंबरीत कोणी ना कोणी खोट्या नावाने पाहुणा म्हणून येऊन राहतो. या कादंबरीत स्मिथ नावाचा तरुण कॅनडाचा प्रसिद्ध कवी असल्याची बतावणी करून गढीत शिरतो, ग्रंथालयाची सूची करण्यासाठी आलेल्या मुलीवर त्याचे मन जडते, हिऱ्यांच्या हाराची चोरी होते, गोंधळावर गोंधळ उडतो. आणि शेवटी तोतयाला शिक्षा होण्याऐवजी मुलगी मिळते आणि वर त्याच घरच्या उमरावाच्या चिटणिसाची नोकरीही मिळते. या जगात खोटे बोलण्याची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही, कारण तेथे कोणाला पोटाची चिंता नसते. हिरवळीवर चहा मिळत राहतो, डुकरिणीला बक्षीस मिळते आणि सर्वांची लग्ने जुळतात.

या जातीच्या विनोदाची रंगभूमीवरील आजी म्हणजे ब्रँडन टॉमस यांचे ‘चार्लीज आंट’. 1892 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे लंडनमध्ये सलग चौदाशेच्यावर प्रयोग झाले. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना आपापल्या प्रेयसींना जेवायला बोलवावयाचे असते; परंतु घरात कोणी वडीलधारी बाई असल्याशिवाय मुली येणार कशा? ब्राझीलहून येणारी श्रीमंत मावशी वेळेवर पोचत नाही, म्हणून एका मित्राला झगा घालून मावशी बनविले जाते, आणि मग खरी मावशीच दारात येऊन उभी राहते. अत्र्यांनी 1947 मध्ये या कल्पनेला ‘मोरूची मावशी’ हे अस्सल मराठी रूप दिले.

रूपांतर म्हणजे केवळ भाषांतर नव्हे, हे या नाटकावरून शिकावे. इंग्रजी नाटकाची जी अडचण, तीच त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाची होती. तरुण-तरुणींनी एका खोलीत बसावयाचे, तर मध्ये एक लुगडे हवे, मग त्या लुगड्याच्या आत कोण आहे याची चौकशी कोणी करणार नाही! लोकलाजेचा सारा पोकळपणा अत्र्यांनी या एका लुगड्यात गुंडाळला. पुरुषाने स्त्रीवेश करणे मराठी प्रेक्षकाला नवे नव्हते. बालगंधर्वांना शालूत पाहून घरंदाज स्त्रियांनी साडी नेसण्याची ढब उचलली होती. परंतु तेथे प्रेक्षक आपण पुरुष पाहत आहोत हे विसरत असे. मावशीच्या बाबतीत तो ते क्षणभरही विसरत नाही. 1985 च्या सुमारास विजय चव्हाण यांनी ही मावशी पुन्हा रंगभूमीवर आणली आणि नव्या पिढीलाही तितकेच हसविले. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून तिचे प्रवेश होत आले. सोंग उघडे असले की ते शिळे होत नाही.

‘मावशी’च्या आधीच अत्र्यांनी रंगभूमी हस्तगत केली होती. बोलपटाच्या लाटेत नाटक मंडळ्या एकामागून एक बुडत असताना बालमोहन मंडळीने 1933 मध्ये त्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ आणले आणि ओस पडलेली नाट्यगृहे पुन्हा हास्याने भरली. त्यापाठोपाठ ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘लग्नाची बेडी’ अशी नाटके आली. 1938 च्या ‘ब्रह्मचारी’ या बोलपटात एका व्याख्यानाने भारावून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा औदुंबर मास्टर विनायक यांनी उभा केला, आणि शेजारी राहावयास आलेल्या तरुणीपुढे ती शपथ कशी वितळते ते दाखविले. येथे बदल लक्षात घेण्याजोगा आहे. औदुंबर कोणालाही लुबाडत नाही; तो स्वतःलाच फसवितो. माणसाने उसने घेतलेल्या तत्त्वाचा वेश अंगावर चढविला की तो किती लवकर उसवतो, हे त्या हास्याखाली दडलेले होते.

याच लेखणीला दुसरा, गंभीर सूरही साधत होता. साने गुरुजींच्या पुस्तकावरून अत्र्यांनी काढलेल्या ‘श्यामची आई’ला 1954 मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पाठोपाठ त्यांनी महात्मा फुले यांच्यावर बोलपट काढला. ढोंगाविरुद्ध उभ्या आयुष्याची लढाई केलेल्या जोतीरावांबद्दल अत्र्यांना वाटणारा आदर अकृत्रिम होता. ‘बुवा तेथे बाया’ या नाटकात त्यांनी भोंदू साधूंची कफनी ओढली, ती त्याच परंपरेतून.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून सुटून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 15 नोव्हेंबरला, अत्र्यांचे दैनिक ‘मराठा’ सुरू झाले. मराठी माणसाचे प्रदेश एका राज्याखाली आले होते. पण ते राज्य मराठीचे नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात अत्र्यांची वाणी आणि लेखणी ही दोन मोठी शस्त्रे ठरली. ते 1957 मध्ये विधानसभेवर निवडून आले. या काळात त्यांच्या भाषेने अनेकदा तोल सोडला, हेही नमूद केले पाहिजे. ज्याला ढोंग ओळखण्याचे वरदान असते, त्याला प्रत्येक विरोधक ढोंगी दिसू लागण्याचा शापही असतो. त्यांच्या फटकाऱ्यांत काही प्रामाणिक माणसेही सापडली. मात्र वैर चितेपलीकडे न्यावयाचे नाही, एवढा मोठेपणा त्यांच्यात होता. ज्या नेहरूंवर त्यांनी महाराष्ट्राच्या प्रश्नावरून आग पाखडली, त्यांच्या निधनानंतर 1964 मध्ये त्यांनी लिहिलेले ‘सूर्यास्त’ हे लेखन वाचताना तो राग कोठे गेला असा प्रश्न पडतो. राजकारणात घातलेला मुखवटा त्यांनी स्वतःच उतरवून ठेवला होता.

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, निपाणी बाहेर राहिले. आणि 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीत निपाणीचाच एक तंबाखूचा व्यापारी रंगभूमीवर आला. त्याचे नाव लखोबा लोखंडे. नाटकाचे नाव ‘तो मी नव्हेच’. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकर यांचे, रंगमंच फिरता, आणि प्रभाकर पणशीकर पाच भूमिकांत. प्रत्यक्ष घडलेल्या एका फसवणुकीच्या खटल्यावरून अत्र्यांना हे नाटक सुचले. कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन अशोक परांजपे, तर कधी राधेश्याम महाराज बनून लखोबा घरोघरच्या मुलींना लग्नाच्या आमिषाने फसवितो, आणि न्यायालयात साक्षीदारामागून साक्षीदार बोट दाखवीत असताना शांतपणे सारे नाकारतो.

‘मोरूची मावशी’ आणि ‘तो मी नव्हेच’ ही दोन्ही नाटके शेजारी ठेवली म्हणजे अत्र्यांच्या प्रवासाची लांबी कळते. साहित्य तेच आहे : खोटे नाव, उसना वेश, जुळणारे लग्न. परंतु पहिल्या नाटकात तोतयेगिरीमुळे लग्ने होतात. दुसऱ्यात लग्नांमुळे आयुष्ये उद्ध्वस्त होतात. ब्लँडिंग्जच्या तोतयाला नोकरी मिळते. निपाणीच्या तोतयाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. प्रेक्षक हसतो खरा, पण साक्षीसाठी उभ्या राहिलेल्या स्त्रीचा आवाज कापला की तेच हसू घशात अडकते.

लखोबा यशस्वी का होतो, या प्रश्नात नाटकाचे खरे मर्म आहे. तो जे वेश घेतो, ते पाहावेत. एक घरंदाज आडनाव, एक लष्करी हुद्दा, एक साधूची कफनी. या तिन्ही गोष्टी दिसल्या की चांगल्या शिकल्यासवरल्या कुटुंबातील माणसेही चौकशी करणे हा आगाऊपणा समजतात. मुलीचे वय वाढत चाललेले, पदरी पैसा बेताचा, आणि समोर चालून आलेले स्थळ इतके मोठे. अशा वेळी शंका विचारणारा माणूस घरातच शत्रू ठरतो. लखोबा फसवितो हे खरे. पण त्याला लागणारा अर्धा माल समाज स्वतःच्या घरातून पुरवितो. अत्र्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात एका माणसाला उभे केले आणि दिवा मात्र प्रेक्षागृहावर टाकला.

13 जून 1969 रोजी मुंबईत अत्र्यांचे निधन झाले. त्यानंतर अर्धशतक उलटून गेले आहे. लखोबा मात्र जिवंत आहे. त्याने फक्त वाहन बदलले. लग्न जुळविणाऱ्या संकेतस्थळांवर तो परदेशस्थ अभियंता होतो. दूरध्वनीच्या पडद्यावर तो गणवेश घालून पोलीस अधिकारी होतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ या कायद्यात नसलेल्या नावाखाली निवृत्त शिक्षकाची भविष्यनिर्वाह निधीची पुंजी काढून घेतो. असे फसलेले लोक अडाणी नसतात. ते नियम पाळणारे, साहेबासमोर उभे राहणारे, शिक्का पाहिला की मान तुकविणारे असतात. गणवेशाला प्रश्न विचारावयाचा नसतो, हे त्यांना कोठेतरी शिकविले गेलेले असते, बहुधा शाळेतच.

म्हणून अत्रे मुळात मास्तर होते, हे विसरून चालणार नाही. त्यांची विनोदी नाटके ही एका मोठ्या वर्गातील उजळणी होती. ‘मोरूची मावशी’ पाहून पोट धरून हसलेल्या प्रेक्षकाला वेश आणि माणूस यांतील अंतर ओळखण्याचा सराव होतो. लखोबासमोर तोच सराव कामी यावयाचा असतो. बहुरूप्याला हसून पैसे देणाऱ्या घराला भामट्याला हटकण्याचे बळ आपोआप येते. ज्या समाजात सोंगाला मनमोकळे हसता येते, तेथे ढोंगाला फार दिवस आसरा मिळत नाही. पैठणच्या नाथांनी भारुडातून हेच सांगितले होते, आणि सासवडच्या मास्तरांनी नाट्यगृहात त्याचीच उजळणी घेतली.